१९८५ सालची कॉकटेल पार्टी घरात कशी उभी करायची: आधी टीव्ही, मग बाकी सगळं

रेट्रो पार्टी करायची ठरली की बहुतेक जण सजावटीच्या दुकानात जातात आणि ग्रामोफोनचा पितळी कर्णा, डिस्को बॉल, कागदी कॅसेटी असं हाताला लागेल ते उचलून आणतात. हे सगळं एका खोलीत मांडलं की खोली कुठल्याच काळातली वाटत नाही. कर्ण्याचा ग्रामोफोन आजोबांच्या तरुणपणातला, डिस्को बॉल हॉटेलातला आणि कॅसेट वडिलांच्या कॉलेजातली. पाहुणे फोटो काढतात आणि पाच मिनिटांत विसरतात.

माझं म्हणणं असं आहे की एक वर्ष ठरवावं, एक घर ठरवावं आणि त्या घरातला टीव्ही सर्वांत आधी निवडावा. आपल्याकडच्या हॉलची मांडणी एका पिढीपुरती तरी टीव्हीभोवतीच होत असे. सोफा कुठे, शोकेस कुठे, पाहुण्यांनी कुठे बसायचं, हे सगळं त्याच्या जागेवरून ठरे. टीव्ही बरोबर लागला की बाकीची निवड निम्मी सोपी होते. उदाहरणासाठी मी १९८५ चं वर्ष आणि मुंबईतला किंवा पुण्यातला एक फ्लॅट घेते. तुम्हाला दुसरं वर्ष हवं असेल तर पायऱ्या त्याच राहतील, वस्तू बदलतील.

वर्ष नेमकं का ठरवायचं

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरची दहा वर्षं पूर्ण ब्लॅक अँड व्हाइटची. जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. रंग आला १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, आणि त्या नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या एशियाडने रंगीत संचांची हौस वाढवली. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये, ‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ मध्ये. केबल त्याही नंतरची, नव्वदच्या दशकातली.

एवढ्या तारखा समोर ठेवल्या की चुका आपोआप टळतात. १९८५ च्या पार्टीत ‘रामायण’ नको, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ नको (ते १९८८ चं), आणि ‘हमारा बजाज’ची जाहिरातही नको (ती १९८९ ची). ‘चिमणराव’ ही मराठी मालिका त्याआधीची, सत्तरच्या दशकाच्या शेवटची. ती दाखवायची इच्छा असेल तर पार्टीच १९७८ ची करा आणि खोलीतून रंगीत टीव्ही काढा.

१९८५ मला आवडतं कारण ते मधलं वर्ष आहे. घराघरात अजून ब्लॅक अँड व्हाइट संच आहेत, पण आखाती देशातून आलेल्या मामाने रंगीत संच आणलेलं एखादं घर प्रत्येक इमारतीत सापडतं. प्रायोजित मालिका सुरू झालेल्या आहेत. मार्चमध्ये मेलबर्नला भारताने पाकिस्तानला हरवून क्रिकेटची जागतिक स्पर्धा जिंकली आणि रवी शास्त्रीला ऑडी मिळाली. आणि लोक एकमेकांच्या घरी टीव्ही बघायला जातात, म्हणजे पार्टीचं कारण तयारच आहे.

घर कोणाचं, हेही ठरवा

ही पायरी बरेच जण गाळतात. १९८५ च्या सर्वसाधारण मराठी मध्यमवर्गीय घरात उघडपणे कॉकटेल होत नसत. बाटली असली तर ती कपाटात, आणि बाहेर आलीच तर आतल्या खोलीत. त्यामुळे ज्या घरात कॉकटेल होत होती असं घर निवडायला हवं: कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहणारा अधिकारी, लष्करातून निवृत्त झालेले काका ज्यांच्याकडे कॅन्टीनची रम असे, वांद्र्यातलं एखादं गोवेकर कुटुंब, किंवा मर्चंट नेव्हीत असलेला मुलगा.

यावरून सजावट बदलते. लष्करी घरात पितळी ट्रे, रेजिमेंटचं चिन्ह, भिंतीवर काश्मीरची लाकडी कोरीव फ्रेम. बोटीवरच्या मुलाच्या घरात जपानी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र), परदेशी सिगारेटचं रिकामं खोकं शोकेसमध्ये जपून ठेवलेलं, काचेच्या बाहुल्या. गोवेकर घरात वेताच्या खुर्च्या आणि रेकॉर्ड प्लेअर. एकच घर डोळ्यासमोर आणा आणि खरेदीच्या वेळी प्रत्येक वस्तूबद्दल विचारा, ही या माणसाकडे असती का?

टीव्ही निवडणं

आता मुख्य काम. तीन मार्ग आहेत आणि मी त्यांना पसंतीच्या क्रमाने मांडते.

पहिला, चालू असलेला खरा संच. क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, ईसी, बुश, फिलिप्स, नेल्को, ओनिडा ही नावं त्या काळातली. मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटला शोधा, पण शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. त्याहीआधी नातेवाइकांच्या माळ्यावर विचारा. गावच्या घरात चादरीखाली झाकलेला संच निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते.

लाकडी कॅबिनेटचा, चार पायांचा, पुढे सरकती शटर्स असलेला संच मिळाला तर किमतीवर घासाघीस करा पण सोडू नका. शटर उघडताना फळ्यांचा जो खडखडाट होतो त्याने खोलीतली बोलणी थांबतात. शटरमागे पडद्यावर बसवलेली निळसर प्लास्टिकची काच असेल तर दुधात साखर. ब्लॅक अँड व्हाइट चित्र डोळ्यांना सोसावं म्हणून ती लावत, आणि काही जण तिरंगी पट्ट्यांची काच लावून रंगीत टीव्हीची हौस भागवत.

घेताना दुकानदाराला संच निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच संच बरे दिसतात. गरम झाल्यावर चित्र आक्रसतंय का, वर-खाली फिरतंय का, जळका किंवा माशासारखा वास येतोय का, हे पाहा. रंगीत संचात कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग असतील तर ट्यूब चुंबकित झालेली असते. ते मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, घाबरू नका. चॅनेल फिरवायची खटका असलेली खुंटी हाताने फिरवून बघा. प्रत्येक खटक्याला ती घट्ट बसली पाहिजे. ढिली असेल तर आतले संपर्क झिजलेले आहेत आणि ऐन पार्टीत चित्र गायब होईल.

मागचं झाकण मात्र तुम्ही उघडू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही तो भार आत टिकून राहतो. काही जुन्या संचांत आतला धातूचा सांगाडा थेट मेन लाइनला जोडलेला असतो, म्हणून ज्या संचाला बाहेरून एव्ही सॉकेट (चित्र-आवाजाची वायर थेट जोडायची जागा) नाही त्याला आतून वायर जोडून सॉकेट काढण्याचा उद्योग कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. जुन्या टीव्हींवर काम केलेला मेकॅनिक गाठा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केली की नाव मिळतं.

दुसरा मार्ग, बंद पडलेला संच घेऊन त्याच्या कॅबिनेटमध्ये सपाट मॉनिटर बसवणं. ऑफिसमधले जुने चौरस मॉनिटर यासाठी उत्तम, १७ किंवा १९ इंची, कारण त्यांचा आकार जुन्या पडद्याच्या जवळ जातो. पुढे काळ्या पुठ्ठ्याचा गोलसर कोपऱ्यांचा मास्क कापून लावा. ब्राइटनेस आणि शार्पनेस बरीच खाली आणा, नाहीतर चित्र फोनसारखं दिसतं. ट्यूब काढायचं काम मेकॅनिककडूनच करून घ्या. तिच्या काचेत शिसं असतं, म्हणून ती भंगारात न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. आणि एक कळकळीची विनंती: चालणारा संच यासाठी फोडू नका. असे संच दरवर्षी कमी होत चाललेत, ते दुरुस्त करणारे हातही.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. बंद संच कोपऱ्यात शोभेला ठेवायचा, वर क्रोशाचं कव्हर, शटर अर्धी उघडी, आणि कार्यक्रमांचा फक्त आवाज मागे लपवलेल्या स्पीकरमधून सोडायचा. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे बरंच परिणामकारक होतं.

चित्र पडद्यावर आणायचं कसं

गच्चीवरच्या अँटेनातून आता काही येणार नाही. दूरदर्शनने ते जुनं अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं आहे. अॅल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना मात्र सजावटीसाठी जरूर मिळवा आणि चपटी वायर खिडकीतून आत आणून टीव्हीमागे सोडा.

संचाला पिवळ्या-पांढऱ्या पिनांचं एव्ही सॉकेट असेल तर पेन ड्राइव्ह लागणारा जुना डीव्हीडी प्लेअर सर्वांत सोपा. सेटिंगमध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) आणि ४:३ (जुन्या पडद्याचा आकार) निवडा. चुकून एनटीएससी ही अमेरिकी पद्धत राहिली तर ब्लॅक अँड व्हाइट संचावर चित्र फिरत राहतं. लॅपटॉपवरून चालवायचं तर एचडीएमआयचं एव्ही करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. त्यावरही पालचा खटका असतो, तो तपासा.

फक्त अँटेनाचं सॉकेट असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचं टीव्ही चॅनेलच्या लहरींत रूपांतर करणारा डबा, लागतो. इथे बहुतेक जण फसतात. बाजारात मिळणारे बरेच मॉड्युलेटर यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यात चित्र पाठवतात आणि खुंटीवाले जुने संच फक्त व्हीएचएफ, म्हणजे २ ते १२ क्रमांकाचे चॅनेल पकडतात. विकत घेण्याआधी व्हीएचएफ आणि पाल-बी हे दोन्ही आहे ना, हे विचारा. चपट्या वायरीच्या दोन स्क्रूंना गोल केबल थेट बांधू नका, मध्ये बलून म्हणून मिळणारा छोटा जोड लावा. हे सगळं पार्टीच्या आदल्या दिवशी जोडून, दोन तास चालवून बघा.

काय दाखवायचं

इथे माझा आग्रह सर्वांत जास्त आहे. टीव्ही सतत चालू ठेवू नका. मालिकेचे पूर्ण भाग लावले तर लोक एकतर बोलणं सोडून पाहत बसतात किंवा पाहणंच सोडतात. उभ्या उभ्या ग्लास हातात घेऊन माणूस पाच-सात मिनिटं पडद्याकडे बघतो, त्यापेक्षा जास्त नाही.

म्हणून दोन-अडीच तासांची एकच फाइल तयार करा आणि तिला दूरदर्शनच्या संध्याकाळसारखी चालू द्या. सुरुवात रंगपट्ट्यांनी किंवा स्थिर टेस्ट कार्डाने. पाहुणे येत असताना पडद्यावर तेवढंच. मग ठरलेल्या वेळी दूरदर्शनची स्वाक्षरी धून, पंडित रविशंकरांची. ती सुरू झाली की चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण मान वर करतो. त्यानंतर निवेदन: साडी नेसलेली, केसात फूल माळलेली एखादी मैत्रीण फोनवर आधीच चित्रित करून ठेवा, तिने संध्याकाळचे कार्यक्रम सांगायचे. पार्श्वभूमीला साधा पडदा आणि फुलदाणी, बस. ती मैत्रीण पार्टीत हजर असेल तर आणखी मजा.

पुढे तुकडे: ‘गजरा’सारख्या विनोदी कार्यक्रमातलं एखादं प्रहसन, ‘छायागीत’च्या धर्तीवर दोन-तीन गाणी, ‘ये जो है जिंदगी’मधला सतीश शाहांचा एखादा प्रसंग (दर भागात ते वेगळ्याच पात्रात येत), ‘हम लोग’च्या शेवटी अशोक कुमार बोलायला येत तो भाग. ‘आमची माती, आमची माणसं’ची तीन मिनिटं टाका. शेतीच्या त्या सल्ल्यावर शहरी पाहुणेही हमखास बोलायला लागतात, कारण दुसरं काही नसल्यामुळे सगळ्यांनीच तो कार्यक्रम पाहिलेला आहे. प्रसार भारतीच्या संग्रहाचं यूट्यूब चॅनेल चाळलंत तर जुनं बरंच सापडेल. घरच्या पाहुण्यांपुरतं दाखवणं वेगळं आणि तिकीट लावून दाखवणं वेगळं, तिथे परवानगी लागते.

जाहिराती भरपूर घ्या. निरमा, विको, लिज्जत पापड, सर्फच्या ललिताजी. अर्ध्या मिनिटात संपतात आणि लोक त्या तोंडपाठ म्हणतात. पार्टीच्या टीव्हीला याहून योग्य काही नाही.

मधे दोनदा ‘व्यत्यय’ची पाटी टाका, तीन-चार मिनिटांची. तेवढ्यात ग्लास भरून होतात. एखाद्या वेळी नुसत्या मुंग्या दाखवा आणि कोणाला तरी अँटेना हलवायला गच्चीच्या दाराशी पाठवा: ‘आली का?’ ‘नाही, आधी होती ती बरी होती!’ हा संवाद नव्या पिढीला शिकवावा लागत नाही, जुनी माणसं स्वतःहून सुरू करतात.

१९८३ च्या विश्वचषकाचा विषय निघेलच. कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध काढलेल्या १७५ धावा दाखवा असं कोणी म्हणालं तर त्या सामन्याचं चित्रीकरणच उपलब्ध नाही हे लक्षात ठेवा. अंतिम सामन्याची दृश्यं मिळतात, १८३ विरुद्ध १४०.

टीव्ही कुठे ठेवायचा

कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागच्या जाळीतून गरम हवा निघेल. बारपासून लांब. त्या काळी टीव्हीवर क्रोशाचं कव्हर आणि त्यावर फुलदाणी असे, ते फोटोत छान दिसतं, पण संच चालू असताना कव्हर काढा आणि पाण्याची कुठलीही वस्तू वर ठेवू नका. २० इंची रंगीत संच वीस किलोच्या पुढे जातो आणि त्याचं सगळं वजन पुढच्या बाजूला असतं. डुगडुगत्या स्टुलावर ठेवला आणि लहान मूल लोंबकळलं तर मोठा अपघात होईल. भक्कम टेबल किंवा मूळचं स्टँडच वापरा.

खोलीची बाकी मांडणी

आधी उजेड. ही एक गोष्ट नीट केली तरी खोली चाळीस वर्षं मागे जाते. छतातले पांढरे एलईडी पॅनल पूर्ण बंद. पिवळ्या प्रकाशाचे, २७०० केल्विन लिहिलेले बल्ब आणा आणि वेताच्या किंवा कापडी शेडमध्ये लावा. भिंतीवर एक ट्यूबलाइट राहू द्या, पण तिचं प्रतिबिंब पडद्यावर पडणार नाही अशा बाजूला.

सोफ्याला रेक्झिन शोधत बसू नका. दिवाणावर सोलापुरी चादर किंवा हातमागाचा पलंगपोस, दोन लोड, आणि समोर सनमायकाचा टीपॉय एवढं पुरे. बसायला वेताच्या किंवा प्लास्टिकच्या वायरने विणलेल्या लोखंडी खुर्च्या. टीपॉयवर त्या वर्षाचे दिवाळी अंक, रद्दीच्या दुकानात मिळतात. भिंतीवर मॅक्रमेचं विणकाम, एचएमटीचं घड्याळ, आणि जागा असेल तर धबधब्याचं किंवा बर्फाच्छादित डोंगराचं भिंतभर पोस्टर. बाटलीत वाढवलेला मनी प्लांट. डायल फिरवायचा काळा फोन, त्याला छोटं कुलूप. या कुलपाभोवती तासभर गप्पा होतात.

शोकेस मिळाली तर ती भरगच्च भरा, मोकळी ठेवू नका. ताजमहालाची छोटी प्रतिकृती, न वापरलेला कपबशीचा सेट, शंख-शिंपल्यांची वस्तू, मुलाने शाळेत मिळवलेला कप. शक्य तितकं उसनं आणा. नातेवाइकांच्या घरातल्या वस्तूंमध्ये जे वापरल्याचे ओरखडे असतात ते दुकानातल्या नकली ‘व्हिंटेज’ मालात नसतात.

पेयं आणि चखणा

कोका-कोला १९७७ मध्ये देशाबाहेर गेलं आणि १९९३ ला परत आलं, म्हणून टेबलावर ते नको. त्याच्या जागी थम्स अप, लिम्का. गोल्ड स्पॉट आता मिळत नाही, कुठलाही संत्र्याचा सोडा काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. रम आणि थम्स अप हे त्या काळचं सरळ कॉकटेल: ६० मिली ओल्ड मंक, वर थम्स अप, लिंबाची फोड. जिन, लाइम कॉर्डियल आणि सोडा. व्होडका आणि संत्र्याचं स्क्वॅश. गोवेकर घर निवडलं असेल तर काजूफेणी, लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत, पन्हं, आणि त्याच वर्षी बाजारात आलेली फ्रूटी.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ आणि बिअर-वाइनसाठी २१ लागतं, आणि पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. हॉल भाड्याने घेणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरता परवाना आधी काढा.

खायला एकच गोष्ट अनिवार्य: अख्खी कोबी चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून थाळीत ठेवायची आणि तिच्या अंगभर टूथपिक खोचायच्या, प्रत्येकीवर अमूल चीजचा तुकडा, डब्यातला अननस आणि लाल चेरी. सोबत खारे दाणे, मसाला पापड, बटाट्याचे वेफर्स आणि रशियन सॅलड. प्लेट मेलामाइनच्या.

पार्टी संपल्यावर

संच बंद करून प्लग काढा आणि झाकण्याआधी तासभर गार होऊ द्या. परत करायचा नसेल तर कोरड्या जागी ठेवा, माळ्यावर नको, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा. बंद पडून राहिल्याने कपॅसिटर खराब होतात. उसन्या आणलेल्या वस्तूंची यादी आधीच करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी कोणाची फुलदाणी कोणाकडे गेली हे शोधावं लागणार नाही.